पंचेचाळीस अंशांतले सूक्ष्मजीवशास्त्र

खान्देशात बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत नाव न आलेल्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळतात, कारण हा विषय डॉक्टरकीच्या जवळचा आहे असा समज घरोघरी रुजलेला आहे. मीही त्याच समजुतीने तो घेतला. यावल तालुक्यातील केळी आणि कापूस पिकविणाऱ्या घरातून जळगावला आलेल्या माझ्यासारख्या मुलीच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा म्हटली की पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक एवढेच येत असे; प्रत्यक्षात पहिले सत्र संपेपर्यंत सूक्ष्मदर्शकापेक्षा परीक्षानळ्या, ब्रश आणि साबणाचे पाणी यांच्याशीच अधिक संबंध आला.

आमचे महाविद्यालय कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न होते. १९९० साली स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपासून भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंतची मुले होती. पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र असे, आणि तिसऱ्या वर्षी तोच मुख्य विषय उरे. लेव्हेनहूक, पाश्चर आणि कॉख यांचा इतिहास, जिवाणूंची रचना, वाढीचे टप्पे, पुढे जनुकशास्त्र, प्रतिकारक्षमता, औद्योगिक आणि कृषी सूक्ष्मजीवशास्त्र असा तो अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठात साधारण असाच असतो; त्याबद्दल मला वेगळे काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते प्रात्यक्षिकांबद्दल, कारण आमची पाठ्यपुस्तके थंड देशांत लिहिली गेली होती आणि आम्ही ती उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या प्रदेशात वापरत होतो.

प्रात्यक्षिकाची सुरुवात तयारीपासून होई. वाढीचे माध्यम तोलून पाण्यात विरघळवायचे, त्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान आणायचा, नळ्यांना आणि फ्लास्कना कापसाचे बूच बसवायचे आणि सगळे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवायचे, हा क्रम आमच्या अंगवळणी पडला. बुचांसाठी औषधाच्या दुकानातला कापूस चालत नाही, कारण तो धुऊन मेणचटपणा काढलेला असल्यामुळे पाणी शोषतो; वाफेत असे बूच भिजले की हवेतील जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. सरकी काढलेल्या कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि तो भिजत नाही. कापसाच्या जिल्ह्यातील मुले असल्यामुळे हा फरक आम्हाला सांगावा लागला नाही, आणि विभागातील साठा संपला की कोणी ना कोणी घरून पिशवी भरून कापूस आणत असे.

ऑटोक्लेव्हच्या बाबतीत मात्र विजेचा लहरीपणा आडवा येई. दाब पूर्ण चढल्यानंतर वीज गेली तर झालेली मिनिटे धरता येत नाहीत. तापमान उतरले की वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. अशा वेळी प्रयोगशाळेतील परिचर काका गॅसवर चालणारा मोठा प्रेशर कुकर काढत. घरगुती कुकरसुद्धा साधारण १५ पौंडांच्याच दाबावर शिट्टी देतो, म्हणजे आतली वाफ १२१ अंशांच्या आसपास असते, ही गोष्ट मला पुस्तकाने नव्हे तर त्यांनी सांगितली. आधी आतली हवा वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायची आणि मगच शिट्टी बसवायची, नाहीतर काट्यावर दाब दिसतो पण तेवढे तापमान होत नाही, हेही त्यांचेच शिकवणे.

खरी कसोटी मार्चपासून लागे, आणि विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास असत. पुस्तकात अगार, म्हणजे माध्यम घट्ट करणारा पदार्थ, प्लेटमध्ये (चपट्या बशीत) ओतल्यावर तो गोठण्यासाठी ती खोलीच्या तापमानाला ठेवावी असे लिहिलेले असते. अगार ८५ अंशांच्या पुढे वितळतो आणि खाली येता येता चाळिशीच्या आत आल्यावर गोठतो. पत्र्याच्या शेजारच्या शेडमुळे दुपारी आमच्या प्रयोगशाळेतील हवाच चाळिशीला टेकलेली असे, त्यामुळे ओतलेली प्लेट बराच वेळ थलथलीत राही आणि हलवली की पृष्ठभागावर सुरकुत्या पडत. म्हणून सकाळी लवकर येऊन शहाबादी फरशीवर ओले फडके अंथरायचे आणि त्यावर प्लेट मांडून ओतायच्या, अशी आमच्या विभागाची पद्धत पडली होती. ती कोणत्याही पुस्तकात नाही.

याच अडचणीमुळे मला विषयाच्या इतिहासातील एक प्रसंग नीट कळला. जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला घन माध्यमासाठी जिलेटिन वापरत, पण ते पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढे पातळ होते आणि शिवाय काही जिवाणू ते पचवूनही टाकतात. त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना अगार वापरत असे, आणि तिनेच १८८१ च्या सुमारास तो सुचवला. वर्गात ही गोष्ट एका वाक्यात संपली होती. जिलेटिनच्या द्रवीकरणाची चाचणी करायची वेळ आली तेव्हा मात्र आमच्या लक्षात आले की खान्देशात वर्षातील बहुतेक महिने जिलेटिनची नळी टेबलावर नुसती ठेवली तरी पातळच असते. जिवाणूने जिलेटिन पचवले की ते उष्णतेने वितळले, हे ठरवण्यासाठी नळ्या आधी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. पचलेले जिलेटिन थंडीतही गोठत नाही. भारनियमनाच्या दिवशी फ्रिज बंद असला की ती चाचणी त्या दिवशी वाचताच येत नसे, आणि जर्नलमध्ये तारीख पुढची पडे.

इनक्युबेटरची गोष्ट याहून गमतीची आहे. जिवाणू वाढवण्यासाठी ठरावीक तापमान राखणारी ही पेटी. साधा इनक्युबेटर आतली हवा तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्याचा काटा ३७ अंशांवर लावला आणि बाहेरची खोली ४१ अंशांवर असली, तर आतही ४१ च्या खाली काही जात नाही. यंत्राचा दिवा विझलेला असतो आणि आपल्याला वाटते की सर्व ठीक चालले आहे. थंड करू शकणारा बी.ओ.डी. इनक्युबेटर विभागात एकच होता आणि तो तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव होता.

सेरॅशिया मार्सेसन्स नावाचा जिवाणू पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान वाढवला तर त्याच्या कॉलनी, म्हणजे माध्यमावर उगवणारे ठिपके, गर्द लाल होतात, कारण तो प्रोडिजिओसिन हे रंगद्रव्य तयार करतो. ३७ अंशांवर तोच जिवाणू वाढतो, पण रंग धरत नाही. आम्ही दिवाळीनंतर केलेल्या प्लेट कुंकू सांडल्यासारख्या लाल आल्या होत्या. त्याच कल्चरवरून, म्हणजे जपून ठेवलेल्या जिवाणूंवरून, एप्रिलमध्ये उजळणीसाठी केलेल्या प्लेट पांढरट निघाल्या, तेव्हा वर्गातील निम्म्या जणांनी कल्चर बिघडले, कंटॅमिनेशन झाले असा निष्कर्ष काढला. मॅडमनी त्यावर काहीच न बोलता त्या पांढऱ्या कॉलनीवरून लूपने (तारेच्या कडीने) नवी प्लेट रेघायला लावली आणि ती बी.ओ.डी. इनक्युबेटरमध्ये २८ अंशांवर ठेवली. ती पुन्हा लाल आली. जनुके तीच असतानाही परिस्थितीप्रमाणे दिसणारा गुणधर्म बदलतो, हा जनुकशास्त्राच्या पेपरातील मुद्दा त्या एका प्लेटने जितका पक्का केला तितका कोणत्याही व्याख्यानाने केला नसता.

ग्रॅम रंजन हे या विषयातील सर्वांत जास्त वेळा केले जाणारे काम. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच आहे: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोलने रंग उतरवणे आणि शेवटी सॅफ्रॅनिन. जाड पेशीभित्तिका असलेले जिवाणू जांभळे राहतात, इतर गुलाबी होतात. यात सगळे काही अल्कोहोलच्या मोजक्या सेकंदांवर अवलंबून असते, आणि ते सेकंद सांगून कळत नाहीत. काचपट्टीवरून ओघळणारा थेंब रंगहीन होऊ लागला की थांबायचे, एवढेच सांगता येते. उन्हाळ्यात पंख्याखाली रंग काचपट्टीवरच सुकू लागतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंच्या जागी जांभळ्या सुयांचे स्फटिक दिसतात. पंखा बंद ठेवून, कोट घालून, पेटलेल्या बर्नरशेजारी बसून हे काम करताना घाम काचपट्टीवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेल्या मुलांची आमच्या लॅबमध्ये वाण नसे.

आमच्यापैकी बहुतेक जण मराठी माध्यमातून आले होते आणि पुस्तके, व्याख्याने, उत्तरपत्रिका सगळे इंग्रजीत होते. याचा त्रास लेखी परीक्षेत होतो असे सर्वांना वाटते. माझ्या मते तो तोंडी परीक्षेत अधिक होतो, कारण तिथे पाठ केलेले वाक्य मध्येच तोडून परीक्षक 'का' विचारतात. आमच्या एका सरांनी यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रयोग आधी मराठीत, जमल्यास अहिराणीतही, शेजाऱ्याला समजावून सांगण्याचा नियम केला होता. ज्याला तो असा सांगता येत असे, त्याला इंग्रजी शब्द नंतर सापडत. ज्याला येत नसे, त्याला प्रयोगच कळलेला नाही हे उघड होई.

दुसऱ्या वर्षी पाणी तपासणीचे प्रात्यक्षिक होते आणि त्यासाठी प्रत्येकाने आपापल्या गावचा नमुना आणायचा होता. नमुन्याची बाटली निर्जंतुक असावी लागते, पाण्यात क्लोरीन असल्यास ते निष्प्रभ व्हावे म्हणून तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, आणि बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, ती प्रयोगशाळेत पोहोचवायची असते, नाहीतर वाटेतच जिवाणूंची संख्या बदलते. यावलहून जळगावपर्यंत एस.टी.ने येताना बर्फ टिकवणे हेच त्या प्रात्यक्षिकातील सर्वांत अवघड काम ठरले. बसस्थानकाबाहेरच्या गोळेवाल्याकडून मध्ये पुन्हा बर्फ घेतला आणि तो लाकडाच्या भुशात गुंडाळून बाटलीभोवती ठेवला. मग मॅकॉन्की ब्रॉथ या द्रव माध्यमाच्या नळ्यांत १० मिलिलिटर, १ मिलिलिटर आणि ०.१ मिलिलिटर असे पाणी टाकून, आत उलट्या ठेवलेल्या ड्युरहॅमच्या छोट्या नळीत वायू साचतो का हे पाहायचे आणि किती नळ्यांत तो साचला यावरून तक्त्यातून कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानल्या जाणाऱ्या, जिवाणूंची संभाव्य संख्या काढायची. विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म ओळखण्यासाठी पुढची चाचणी ४४.५ अंशांवर करतात, कारण त्या तापमानाला बाकीचे बहुतेक मागे पडतात आणि ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू टिकतो. मे महिन्यात हे तापमान आमच्याकडे इनक्युबेटरशिवायही मिळते, असा विनोद दरवर्षी कोणीतरी करतेच.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. माझ्या नमुन्यात वायूही आला आणि ई. कोलाय ओळखण्यासाठीच्या ई.एम.बी. अगारवर हिरवट धातूसारखी चमक असलेल्या कॉलनीही आल्या. गावच्या जलसुरक्षकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नियमित टाकत असल्याचे सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पोते पत्र्याच्या खोलीत, तोंड उघडे ठेवलेले होते. उष्णता आणि दमट हवा लागली की ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन उडून जाते. पोत्याचे वजन तेवढेच राहते, पण पाण्यात टाकल्यावर उपयोग कमी होतो. पुढे ते पोते तोंड बांधून, सावलीच्या खोलीत ठेवले जाऊ लागले आणि पाण्याच्या टाकीपासून लांबच्या नळावरही पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओ.टी. चाचणी घेतली जाऊ लागली. तोपर्यंत घरचे मला माझ्या शिक्षणाचा उपयोग काय असे विचारत. आजीने मात्र त्यानंतरही पाणी उकळूनच प्यायचे हा आपला जुना नियम सोडला नाही, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने तीच अधिक बरोबर होती.

तिसऱ्या वर्षीच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाने जिवाणू खत निवडले. तूर, उडीद, मूग, हरभरा यांच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू, लावण्याची पद्धत आमच्याकडे बरीच रूढ आहे. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट वापरतात. खत नियंत्रण आदेशानुसार अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. पाकिटातले एक ग्रॅम घेऊन ते दहा-दहा पटींनी विरल करत न्यायचे, कॉंगो रेड घातलेल्या यीस्ट अर्क-मॅनिटॉल अगारवर पसरवायचे आणि ज्या प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी येतील ती मोजून मूळ संख्या काढायची. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही, त्यामुळे त्याच्या कॉलनी पांढुरक्या, चिकट दिसतात आणि लाल पडलेल्या इतरांपासून वेगळ्या ओळखू येतात.

आम्ही एक पाकीट उत्पादकाकडून ताजे आणून फ्रिजमध्ये ठेवले आणि दुसरे एका दुकानातून, मुदत संपण्यापूर्वीचेच, जूनमध्ये विकत घेतले. पहिल्याच्या प्लेट पुस्तकातल्याप्रमाणे आल्या. दुसऱ्याच्या प्लेटवर पांढुरक्या कॉलनी मोजण्याइतक्याही नव्हत्या आणि लाल पडलेल्यांची गर्दी होती. ते पाकीट एप्रिल आणि मे पत्र्याखालच्या कपाटात काढून आले होते. मॅडमनी आम्हाला निष्कर्षात एवढेच लिहू दिले की तपासलेल्या एका पाकिटात जिवंत रायझोबियमची संख्या मानकापेक्षा कमी आढळली. साठवणीमुळेच ती घटली असे म्हणण्यासाठी त्याच तुकडीची अनेक पाकिटे वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहावी लागली असती, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. तेव्हा मला हा त्यांचा अतिरेक वाटला होता. आता नोकरीत रोज असेच अहवाल लिहावे लागतात तेव्हा त्या एका वाक्यावर त्यांनी घालवलेली दुपार आठवते.

या प्रकल्पाचा घरी मात्र लगेच फायदा झाला. काका बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच वेळी चोळत. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर जिवाणू खत सर्वांत शेवटी, आणि बियाणे उन्हात नव्हे तर सावलीत सुकवून लगेच पेरायचे, एवढा क्रम त्यांनी बदलला. शेजारच्या आप्पांना मात्र मी निराश केले. त्यांच्या केळीवर हरण्या आला होता, पानांवर पिवळे पट्टे पडले होते, आणि मी मायक्रो शिकते म्हणजे त्यावरचे औषध मला ठाऊक असणार अशी त्यांची खात्री होती. हा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग आहे, विषाणूवर फवारायचे औषध नसते, लागण झालेली झाडे उपटून नष्ट करायची, तो पसरवणारा मावा आवरायचा आणि बागेत किंवा शेजारी काकडीवर्गीय वेल घ्यायचे नाहीत, हे मी सांगितले. आप्पा म्हणाले, "म्हणजे शिकून सवरून तू पण उपटच म्हणशील."

अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा दोन-तीन दिवस चालते, कारण जिवाणू परीक्षकांच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढत नाहीत. दोन जिवाणूंचे मिश्रण मिळते. ते प्लेटवर रेघून वेगळे करायचे, दुसऱ्या दिवशी ग्रॅम रंजन आणि जैवरासायनिक चाचण्या लावायच्या आणि तिसऱ्या दिवशी ओळख लिहून द्यायची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न इनक्युबेटरवरील तापमापी आणि आतला तापमापी यांत फरक का आहे, हा होता. पुस्तकातून आलेल्याला तो अडला असता. आमच्या वर्गातील कोणालाही अडला नाही.

पदवीनंतर आमच्यापैकी काही जण विद्यापीठातच एम.एस्सी.ला गेले, काहींनी डी.एम.एल.टी. करून रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळा धरल्या, काही दूध आणि अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात लागले, आणि बरेच जण अंकलेश्वर, वापी किंवा नाशिकच्या औषध कंपन्यांत गेले. मी औषध कंपनीत आहे. पगार पहिली काही वर्षे कमी असतो, रात्रपाळी असते, आणि काम म्हणजे बहुतांशी पाणी, हवा आणि कपड्यांवरचे नमुने घेऊन प्लेट मोजणे. निर्जंतुकतेच्या चाचणीत नळ्या १४ दिवस पाहत बसायच्या आणि काहीही उगवले नाही तर काम यशस्वी. ज्याला रोज काहीतरी नवे दिसावे असे वाटते त्याने हा विषय घेण्यापूर्वी थोडा विचार करावा.

आता गावाकडची मुले प्रवेशाच्या वेळी फोन करून विचारतात की कोणते महाविद्यालय घ्यावे. निकालाची टक्केवारी पाहण्यापेक्षा मी त्यांना एप्रिलमध्ये दुपारी त्या प्रयोगशाळेत जाऊन यायला सांगते: एका तुकडीमागे किती सूक्ष्मदर्शक आहेत आणि त्यांपैकी किती चालू आहेत, थंड करू शकणारा इनक्युबेटर आहे का आणि तो पहिल्या वर्षाच्या मुलांना वापरायला मिळतो का, वीज गेल्यावर फ्रिजला जनरेटर आहे का, कल्चर दर काही महिन्यांनी नव्या माध्यमावर घेतली जातात का. आणि हे शक्यतो परिचरांना विचारावे, प्राध्यापकांना नंतर.